महाविद्यालयाच्या नावे मृत्युपत्र : इच्छेला हवी नेमकेपणाची जोड

नवी दिल्ली : माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणसंस्थांना दिलेल्या मोठ्या देणग्यांच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचनात येतात. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. त्यापूर्वी दिलेल्या ८५ कोटींसह त्यांची एकूण देणगी ४०० कोटींवर पोहोचली. २०२४ मध्ये कृष्णा चिवुकुला यांनी आयआयटी मद्रासला २२८ कोटी रुपये दिले. या देणग्या दात्यांनी आपल्या हयातीत, हाती असलेल्या संपत्तीतून दिल्या.

निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली एकटी महिला किंवा मुले दूरदेशी स्थायिक झालेले दांपत्य यांच्यापुढील प्रश्न मात्र निराळा असतो. राहते घर, काही मुदत ठेवी आणि थोडेफार समभाग एवढीच त्यांची मिळकत असते आणि आजारपण व वार्धक्य यांसाठी ती हाताशी असणे आवश्यक असते. आज देता येण्यासारखे फारसे काही नसले, तरी आपल्या पश्चात जे उरेल त्यातील काही अंश, ज्या महाविद्यालयाने आपल्याला घडवले त्याच्याकडे जावा, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. ही इच्छा पूर्ण करण्याचे साधन म्हणजे मृत्युपत्र.

मृत्युपत्राने दिलेली देणगी दात्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते, हेच तिचे बळ आणि हीच तिची मर्यादा. हयातीत दात्याला आपल्या संपत्तीचा एक रुपयाही गमवावा लागत नाही आणि मन बदलल्यास मृत्युपत्र रद्द करता येते. परंतु ते उघडले जाते तेव्हा आपल्या शब्दांचा अर्थ सांगण्यासाठी दाता हयात नसतो. म्हणून औदार्याइतकेच महत्त्व शब्दांच्या नेमकेपणाला येते.

दोन जुनी मृत्युपत्रे

भारतात शिक्षणासाठी मृत्युपत्राद्वारे संपत्ती ठेवण्याची परंपरा जुनी आहे. कोलकात्याचे प्रख्यात वकील प्रसन्नकुमार टागोर यांचे १८६८ मध्ये निधन झाले. त्यांचे एकुलते एक पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रसन्नकुमारांनी मृत्युपत्रात त्यांना वगळले, पुतणे जतींद्रमोहन यांना इस्टेटीचा हयातीपुरता हक्क दिला आणि पुढे ती पुरुष वारसांच्या ओळीतच पिढ्यानपिढ्या राहावी अशी योजना केली. ज्ञानेंद्रमोहन न्यायालयात गेले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले आणि १८७२ मध्ये निकाल लागला. जतींद्रमोहन यांचा हयातीतील हक्क टिकला. त्यापुढील वंशपरंपरेची रचना मात्र हिंदू कायद्यात न बसणारी म्हणून निष्फळ ठरली.

त्याच मृत्युपत्रात प्रसन्नकुमारांनी कोलकाता विद्यापीठात कायद्याचे अध्यापनपद निर्माण करण्यासाठीही निधी ठेवला होता. ती योजना टिकली. १८७० पासून सुरू झालेली 'टागोर विधी व्याख्याने' ही भारतीय विधिक्षेत्रातील मानाची व्याख्यानमाला ठरली. आशुतोष मुखर्जी यांनी १८९८ मध्ये याच मालेत संपत्तीला कायमस्वरूपी बंधन घालण्यासंबंधीच्या कायद्यावर व्याख्याने दिली. धार्मिक व धर्मादाय न्यासांच्या हिंदू कायद्यावरील न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांचा प्रमाणभूत ग्रंथही याच व्याख्यानांतून सिद्ध झाला. घराण्यासाठी केलेली व्यवस्था न्यायालयात मोडली, विद्यापीठासाठी केलेली उभी राहिली. संपत्ती आपल्या वंशासाठी अनंतकाळ बांधून ठेवण्याची मुभा कायदा सहसा देत नाही. ज्ञानप्रसारासारख्या सार्वजनिक हितासाठी ती मिळू शकते.

दुसरे उदाहरण चेन्नईचे. व्यापारात अमाप संपत्ती मिळवणारे पचैयप्पा मुदलियार १७९४ मध्ये निधन पावले. त्यांनी आपली संपत्ती मृत्युपत्राने देवकार्य आणि दानधर्मासाठी ठेवली होती. तथापि अंमलबजावणी करणाऱ्यांकडून ती दीर्घकाळ रखडली आणि प्रकरण न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले. अखेर शिल्लक निधीच्या आधारे १८४२ मध्ये शाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे पचैयप्पा महाविद्यालय उभे राहिले. दात्याच्या निधनापासून शाळेचे दार उघडेपर्यंत ४८ वर्षे गेली. मृत्युपत्र लिहिणे आणि ते अमलात आणणारी माणसे निवडणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, याचा हा जुना दाखला होय.

कोणाला किती देता येते?

आपल्या संपत्तीतील किती भाग कुटुंबाबाहेर देता येईल, हे भारतात दात्याला लागू असलेल्या वैयक्तिक कायद्यावर अवलंबून असते.

हिंदू, बौद्ध, जैन व शीख व्यक्ती आपली स्वकष्टार्जित संपत्ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० नुसार एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील स्वतःच्या हिश्शाचीही अशी व्यवस्था करता येते. इतर सहहिस्सेदारांचा वाटा मात्र देता येत नाही. शिवाय मृताच्या संपत्तीतून अवलंबितांचे पालनपोषण करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे वृद्ध जोडीदार किंवा अपंग अपत्य यांची सोय न करता केलेली देणगी वादाला निमंत्रण देते.

मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसार अंत्यविधीचा खर्च व कर्जे वजा जाता उरणाऱ्या संपत्तीच्या एक तृतीयांश भागापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. त्याहून अधिक द्यायचे असल्यास वारसांची संमती लागते. हयातीत वक्फ करून शिक्षणासाठी संपत्ती देण्याची परंपराही याच समाजात जुनी आहे. हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ मध्ये केलेल्या वक्फच्या निधीतून १८३६ मध्ये बंगालमधील हुगळी येथे महाविद्यालय सुरू झाले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ख्रिस्ती समाजातील दात्यांवर अनेक दशके एक जाचक अट होती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११८ नुसार पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक हयात असलेल्या व्यक्तीने धार्मिक अथवा धर्मादाय कार्यासाठी ठेवलेली देणगी वैध ठरण्यासाठी मृत्युपत्र निधनापूर्वी किमान १२ महिने केलेले असणे आणि ते केल्यापासून सहा महिन्यांत अधिकृत ठिकाणी जमा केलेले असणे आवश्यक होते. मृत्युशय्येवरील व्यक्तीवर दडपण आणून दान मिळवले जाऊ नये, हा या अटीमागील जुना इंग्रजी विचार होता. प्रत्यक्षात, मृत्युपत्र केल्यानंतर वर्षभरात निधन झाले तर प्रामाणिक देणगीही रद्द होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम प्रकरणात हे कलम समानतेच्या हक्काचा भंग करणारे ठरवून रद्दबातल केले.

गोव्यातील व्यवस्था वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान नागरी कायद्याच्या परंपरेनुसार वारसांसाठी निम्मी संपत्ती राखीव असते; मृत्युपत्रकर्त्याला उरलेल्या अर्ध्या भागाचीच इच्छेनुसार वाटणी करता येते. विवाहित दांपत्याच्या सामाईक मालमत्तेत जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच वेगळा धरला जातो. त्यामुळे गोमंतकीय दात्याने 'माझे घर महाविद्यालयाला' असे लिहिण्यापूर्वी त्या घराचा किती भाग आपल्या अधिकारात आहे हे तपासणे अत्यावश्यक ठरते.

'माझे कॉलेज' म्हणजे नेमके कोण?

मृत्युपत्रांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे लाभार्थीचे नाव. विद्यार्थ्याच्या मनात महाविद्यालय ही एक स्पष्ट वास्तू असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र अनेक महाविद्यालयांना स्वतंत्र अस्तित्व नसते. मालमत्ता धारण करते ती ते चालवणारी संस्था अथवा न्यास. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आहे, तर सर परशुरामभाऊ महाविद्यालय शिक्षण प्रसारक मंडळीचे. शासकीय महाविद्यालयाला दिलेली मिळकत शासनाच्या व्यवस्थेत जाते. विद्यापीठे आणि आयआयटी या मात्र स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असतात. १९६१ च्या तंत्रज्ञान संस्था अधिनियमात तर मृत्युपत्राद्वारे मिळणाऱ्या स्थावर व जंगम मालमत्तेचा स्वीकार करण्याचा अधिकार आयआयटींना स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

नावे आणि संलग्नताही बदलतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था असे नामांतर झाले. माटुंग्याचे 'यूडीसीटी' पूर्वी मुंबई विद्यापीठाचा विभाग होते; आज ती रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालय २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे. एखाद्याने पूर्वी केलेल्या मृत्युपत्रात 'मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग' असे लिहून ठेवले असेल, तर देणगी विद्यापीठाची की नव्या संस्थेची, असा प्रश्न उद्भवू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. महाविद्यालयाचे नाव, ते चालवणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक व पत्ता मृत्युपत्रात द्यावा. त्यापुढे 'किंवा तिची कायदेशीर उत्तराधिकारी संस्था' असे शब्द जोडावेत. महाविद्यालय बंद पडल्यास रक्कम कोणत्या पर्यायी संस्थेकडे जावी, हेही लिहावे. माजी विद्यार्थी संघटना हा महाविद्यालयाहून वेगळा नोंदणीकृत न्यास असू शकतो. देणगी त्याला द्यायची की मूळ संस्थेला, हा निर्णय दात्याने जाणीवपूर्वक घ्यावा.

देणगीचे प्रकार

मृत्युपत्रातील देणगी साधारणपणे चार प्रकारे देता येते. पहिला प्रकार ठरावीक रकमेचा : 'महाविद्यालयाला १० लाख रुपये द्यावेत.' यात स्पष्टता आहे. परंतु २० वर्षांनंतर त्या रकमेचे मोल पुष्कळ घटलेले असू शकते. उलट, दीर्घ आजारपणात बचत संपली तर ठरावीक रकमा दिल्यानंतर कुटुंबाला काहीच न उरण्याचा धोका असतो.

दुसरा प्रकार विशिष्ट मालमत्तेचा, म्हणजे अमुक सदनिका किंवा अमुक कंपनीचे समभाग. ती मालमत्ता दात्याने हयातीत विकली, तर देणगी सामान्यतः संपुष्टात येते. विक्रीच्या पैशांवर महाविद्यालयाचा हक्क आपोआप उत्पन्न होत नाही.

तिसरा प्रकार उर्वरित संपत्तीच्या हिश्शाचा. सर्व कर्जे, खर्च आणि आप्तांच्या देण्या भागवून जे उरेल त्याचा १० अथवा २० टक्के भाग महाविद्यालयाला, अशी ही रचना. संपत्ती वाढली तर देणगी वाढते, घटली तर तीही घटते आणि कुटुंबाचा वाटा आधी सुरक्षित राहतो. मध्यमवर्गीय दात्यासाठी ही पद्धत अनेकदा अधिक सोयीची असते.

चौथा प्रकार सशर्त देणगीचा. जोडीदार आपल्या आधी निवर्तल्यास, किंवा जोडीदाराच्या हयातीनंतर, घर महाविद्यालयाकडे जावे अशी तरतूद त्यात करता येते. अपत्य नसलेल्या दांपत्यांना ही रचना विशेष उपयुक्त आहे. मात्र दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत आणि त्यांतील शब्द परस्परांशी जुळणारे असावेत.

शेतजमीन, सदनिका आणि ठेवी

शेतजमीन देऊ इच्छिणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यायला हवी. महाराष्ट्र व गुजरातमध्ये लागू असलेल्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधील विनोदचंद्र कापडिया प्रकरणात, हा निर्बंध मृत्युपत्राने केलेल्या हस्तांतरणालाही लागू होतो, असा निर्णय दिला. गावाकडील जमीन महाविद्यालयाला देण्याची इच्छा म्हणूनच थेट मृत्युपत्रात उतरवण्यापूर्वी महसुली नियम तपासावेत. जमीन कायदेशीर मार्गाने विकून येणारी रक्कम देणे, हा पर्यायही विचारात घेता येतो.

सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेतील भागपत्र, कर्जाचा बोजा आणि सहमालकी हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला मिळालेली स्थावर मालमत्ता पुढे विकायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. संस्थेला दूरच्या शहरातील सदनिका सांभाळणे जड जाणार असेल, तर 'ती विकून येणारी रक्कम द्यावी' असा अधिकार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला देणे सोयीचे ठरते.

बँकठेवी आणि समभागांविषयी एक गैरसमज दृढ आहे : ज्याचे नाव नामनिर्देशनात, तोच मालक. ठेवीचे नामनिर्देशन केवळ व्यक्तीच्या नावे होते, संस्थेच्या नव्हे. आणि नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. समभागांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच तत्त्व स्पष्ट केले. याचा अर्थ ठेवीवर भाच्याचे नामनिर्देशन असले तरी मृत्युपत्राने ती महाविद्यालयाला देता येते. पण प्रत्यक्षात पैसे प्रथम भाच्याच्या हाती पडतील. त्याला याची पूर्वकल्पना नसेल, तर संस्थेला त्याच्याविरुद्ध दाद मागावी लागण्याची वेळ येऊ शकते.

करसवलतीची अपेक्षा नको

अमेरिका व ब्रिटनमध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर असल्याने शिक्षणसंस्थांना दिलेल्या देणग्यांना करसवलतीचे पाठबळ मिळते. ब्रिटनमध्ये निव्वळ संपत्तीच्या किमान १० टक्के भाग धर्मादाय कार्याला दिल्यास करपात्र भागावरील वारसा कराचा दर ४० वरून ३६ टक्क्यांवर येतो. भारतात १९५३ मध्ये लागू झालेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. साहजिकच मृत्युपत्रातील देणगीमुळे वाचवता येईल असा कर येथे नाही. आयकरातील देणगीची वजावट हयातीत प्रत्यक्ष दिलेल्या पैशांसाठी असते आणि तीही ठरावीक अटींवर. वस्तू किंवा मालमत्तेच्या रूपातील देणगीला ती मिळत नाही.

संस्थेच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. रक्कम खर्च न करता जपून ठेवावी आणि केवळ तिच्या उत्पन्नातून शिष्यवृत्ती द्यावी, अशी इच्छा असल्यास ही देणगी 'स्थायी निधीसाठी', अर्थात कॉर्पससाठी आहे, असे मृत्युपत्रात लेखी असावे. असा निर्देश नसल्यास संस्था ती चालू खर्चासाठी वापरू शकते.

परदेशस्थ भारतीयांसाठी परकीय अंशदान नियमन कायद्याचा विचार आवश्यक आहे. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय अंशदान मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची देणगी मात्र त्या व्याख्येत येते. स्वीकारणाऱ्या संस्थेकडे त्यासाठी आवश्यक नोंदणी किंवा परवानगी आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

अटी किती घालाव्यात?

देणगीला अट जोडण्याचा दात्याला अधिकार आहे आणि काही अटींनी इतिहास घडवला आहे. सर तारकनाथ पालित यांनी कोलकाता विद्यापीठाला हयातीत दिलेल्या देणगीत अध्यापनपदे भारतीयांनाच द्यावीत, असे बंधन होते. त्यांच्या नावाच्या भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर १९१७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन रुजू झाले आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव त्या विद्यापीठाशी कायमचे जोडले गेले.

तथापि अतिशय अरुंद अट काळाच्या ओघात देणगीलाच निरुपयोगी करते. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ ही शैक्षणिक रचना आली आणि 'इंटर'चा वर्ग इतिहासजमा झाला. 'इंटर सायन्सच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्यास' ठेवलेल्या पारितोषिकाचे अशा वेळी काय करायचे? मूळ हेतू अशक्य झाल्यास त्याच्या जवळचा हेतू ठरवून निधी वापरू देण्याचे तत्त्व कायद्याला मान्य आहे. परंतु त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. 'हा हेतू साध्य करणे अशक्य किंवा अव्यवहार्य झाल्यास संस्थेच्या व्यवस्थापन मंडळाने त्याच्याशी मिळताजुळता शैक्षणिक उपयोग करावा' एवढे एक वाक्य हा खटाटोप टाळू शकते. एकाच जातीच्या किंवा पंथाच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित ठेवलेली देणगी संस्था नाकारूही शकते, याची जाणीव ठेवावी.

महागाईचे गणितही अटीत धरावे. समजा १० लाख रुपयांच्या निधीवर वर्षाला ७ टक्के, म्हणजे ७० हजार रुपये व्याज मिळते. सर्व व्याज दरवर्षी वाटले तर निधी १० लाखांवरच थांबेल. शैक्षणिक खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर तो सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे त्याच ७० हजारांत तेव्हा निम्म्याच गरजा भागतील आणि २४ वर्षांनी एक चतुर्थांश. ४० हजार वाटून ३० हजार मुद्दलात घातले, तर सुरुवातीची शिष्यवृत्ती लहान असली तरी पुढील पिढ्यांपर्यंत तिचा अर्थ बराच टिकून राहतो. व्याजाचा किती भाग पुन्हा गुंतवावा, हे दात्याने लिहून ठेवणे इष्ट.

मृत्युपत्र टिकावे कसे?

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते; त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. लेखी मृत्युपत्रावर दात्याची सही आणि ती पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या, ही मूलभूत गरज आहे. नोंदणी ऐच्छिक असली तरी उपयुक्त आहे. नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे.

लाभार्थी संस्थेच्या प्राचार्यांना किंवा विश्वस्तांना साक्षीदार करू नये. साक्षीदार दात्याहून वयाने लहान असावेत, कारण वाद झाल्यास किमान एका साक्षीदाराची न्यायालयात साक्ष लागते. वय अधिक असल्यास त्याच सुमारास घेतलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितल्यानुसार, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचे निरसन करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. जवळच्या वारसांना विनाकारण वगळणे हे संशयाचे एक नेहमीचे निमित्त ठरते. म्हणून ज्याला कमी दिले वा वगळले, त्याचे कारण दोन ओळींत, कटुता न आणता नमूद करावे.

मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकाची निवड हा कदाचित सर्वांत मोठा निर्णय आहे. तो विश्वासू, हिशेबी आणि शक्यतो वयाने लहान असावा; त्याच्या अनुपस्थितीत काम पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचे नावही द्यावे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयीन मोहर, मुंबई, कोलकाता व चेन्नईशी संबंधित अनेक मृत्युपत्रांना दीर्घकाळ सक्तीची होती. आज आपल्या प्रकरणात ती आवश्यक आहे किंवा नाही, याविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा. सक्ती नसली तरी वारसांनी हरकत घेतल्यास मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावेच लागते.

ज्यांना ही अनिश्चितता नको असेल, त्यांच्यासाठी बक्षीसपत्राचा मार्ग आहे. घर आजच संस्थेच्या नावे करून स्वतः हयातीपर्यंत त्यात राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो. अशी देणगी वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्यासाठी नोंदणी सक्तीची आहे, मुद्रांक शुल्काचे नियम लागू होतात आणि एकदा दिलेले बक्षीस सहजासहजी परत घेता येत नाही.

दोन संवाद आवश्यक

कायद्याच्या कागदांआधी दोन ठिकाणी बोलणे गरजेचे आहे. पहिले संस्थेशी. आपण कोणत्या हेतूने देणगी ठेवू इच्छितो, तिचे हिशेब कसे ठेवले जातील, किमान किती रकमेवर स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू होते, हे विचारून त्याची लेखी नोंद घ्यावी. जुन्या पारितोषिकांचे वाटप नियमित होते काय, याची चौकशी केल्यास संस्थेच्या कारभाराची कल्पना येते. संस्थेला कल्पनाच नसेल, तर मृत्युपत्रातील देणगी वर्षानुवर्षे मागणीविना पडून राहू शकते.

दुसरा संवाद कुटुंबाशी. वडिलांनी किंवा मावशीने महाविद्यालयाला काही ठेवले आहे, हे वारसांना त्यांच्या पश्चात एखाद्या वकिलाकडून कळले तर दुःखात संशयाची भर पडते. तेच त्यांच्या तोंडून, कारणांसह कळले असेल, तर अनेकदा पुढील पिढीच त्या शिष्यवृत्तीत स्वतःची भर घालते. मृत्युपत्राचा दर काही वर्षांनी, तसेच विवाह, निधन, घरविक्री किंवा संस्थेचे नामांतर अशा प्रसंगी फेरविचार करावा आणि लहान बदलांसाठी पुरवणी मृत्युपत्र करावे.

प्रसन्नकुमार टागोरांकडे मोठी इस्टेट होती. आजच्या निवृत्त शिक्षकाकडे दोन खोल्यांचे घर आणि काही ठेवी असतील. लाभार्थीचे अचूक नाव, स्पष्ट हेतू, बदलाला वाव देणारे एक वाक्य आणि जबाबदार व्यवस्थापक या गोष्टी दोघांनाही सारख्याच लागतात. त्या असतील, तर लहानशा निधीतूनही दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क भरले जाऊ शकते.